माझ्या नंबरावरचे चारशे खातेदार

यवतमाळ,
९ डिसेंबर २०१४

आदरणीय डोमाजी मामांना संघदीपचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे, आणि मामी एरंडाच्या पानांचा शेक देतात तो मुकाट्याने घेता की अजून भांडता, ते कळवावे. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य लिहून मी थांबलो. उर्वशी आणि मुलगी ठीक आहेत, मी नाही. 'सर्व' खोडायला हवे होते, पण खाडाखोड दिसली की तुम्ही काळजी करता.) हल्ली पत्र कोण लिहितो, असे मामी विचारतील. माझा फोन बँकेने पाकिटात घालून, लाखेचा शिक्का मारून, चौकशीसाठी ठेवून घेतला आहे.

मी बँकेत नेमके काय करतो, हे तुम्ही दर भेटीत विचारता. नोटा मोजत नाही, कर्जही देत नाही. खातेदारांची संगणकातली माहिती खरी आणि पूर्ण आहे ना, एवढे पाहतो. कारण कोणते कर्ज बुडेल याचा अंदाज आणि वर्षाचा ताळेबंद त्याच माहितीवर उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी झरी जामणीकडच्या शाखांना हे शिकवायला गेलो होतो. मोबाइल नंबराचा रकाना रिकामा सोडू नये, असे सांगून फळ्यावर नमुना लिहायचा होता. मनाने दहा आकडे लिहिले आणि ते कोणा भल्या माणसाचे निघाले तर त्याला उगीच त्रास, म्हणून मी माझाच नंबर लिहिला.

या दिवाळीत बँकेने खातेदारांना फोनवर संदेश पाठवणे सुरू केले आणि माझा फोन थरथरायला लागला तो थांबेना. कोणाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, जमा झाला, कोणाचा हप्ता चुकला, सगळे मला. मागोमाग माणसेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवरून मला फोन करू लागली, कारण शाखेत त्यांना 'तुमचा नंबर हाच' म्हणून माझा नंबर मिळत होता. मथुराबाई नावाची एक म्हातारी रोज सकाळी विचारी, "बापू, माह्या कापसाचा चुकारा आला का?" आला होता. पण दुसऱ्याच्या खात्याची माहिती फोनवर सांगणे नियमात बसत नाही, म्हणून मी तिला बँकेत जायला सांगितले. "तुह्याच फोनात आला ना? मंग सांगाले तोंड दुखते काय? गाडीभाडं तू देशीन?" मी सांगून टाकले. (मग दिवसभर जेवण गेले नाही. सांगितले ते चूक, की आधी चार दिवस सांगितले नाही ते?)

शेवटी झरीला गेलो. तिथला लिपिक फुलचंद याने फोन नसलेल्या प्रत्येक खातेदारापुढे फळ्यावरचा नंबर टाकला होता. जाब विचारला तर म्हणाला, "साहेब, रिकामा सोडाचा नाही हे तुमीच सांगतलं. मंग खोटा नंबर कायले टाकू? तुमचा तं खरा होता!"

नंबर मी त्याच दिवशी काढू शकलो असतो. पण आपलाच नंबर आपणच गुपचूप काढला तर लपवाछपवी दिसेल, म्हणून लेखी परवानगी मागितली. तो अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून असतानाच संगणकावर नवी जोखीम-तपासणी चालली. एकच फोन असलेली सगळी खाती एकाच माणसाची समजावीत, असा तिचा नियम आहे. (नियम मीच लिहिला.) यंदा कापसाने दगा दिलेला, भाव पडलेला, हप्ते थकलेले. चारशेवर खात्यांची थकबाकी एकत्र झाली आणि बँकेचा सर्वांत मोठा थकबाकीदार म्हणून यादीच्या डोक्यावर मी. वर अहवालाखाली सहीही माझीच लागते. आमचे साहेब चष्मा काढून म्हणाले, "संघदीप, येवढा कापूस पेरला तरी कुठं?" घरी सांगितले तर उर्वशी म्हणाली, "कुंडीतला कढीपत्ता तं जगत नाही तुमच्या हातून."

सोमवारी चौकशी आहे. हे काम, कदाचित नोकरीही, माझ्याकडे राहते की नाही, ते त्या दिवशी ठरेल. मामींना नमस्कार.

तुमचा,
संघदीप

ता. क. : बँकेबाहेरच्या एखाद्या वडीलधाऱ्याने माझ्या चारित्र्याबद्दल दोन ओळी लिहून द्याव्यात, असे चौकशी अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. पत्र खरे तर यासाठीच लिहायला घेतले. (गुडघ्याबद्दल विचारले तेही मनापासूनच.) तुम्ही त्या सोमवारच्या आत पाठवाव्यात.

ता. क. २ : लग्नाच्या वेळी उर्वशीच्या वडिलांना तुम्ही भर बैठकीत सांगितले होते, "पोरगं इमानदार आहे, पन व्यवहार त्याच्या हाती देऊ नोका." कृपया या वाक्याचा पहिला अर्धा भागच लिहावा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवून पुन्हा उघडले. अर्धी माहिती मागवणे माझ्याच कामात गुन्हा धरतात. झोप येईना. तुम्ही पूर्णच लिहा.

ता. क. ४ : मामाजी, मी उर्वशी. पत्र टाकाले मीच चालली, म्हनून वाचलं. ह्यायचं आयकू नोका, अर्धंच लिहा. बाकीचं अर्धं मी लग्नापासून निभावून राह्यली.