तू आणून दिलेली हत्यारं

प्रिय चिरंजीव,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे. खाडाखोड केलेलं पत्र मला आवडत नाही, म्हणून राहू देते. त्यावरून पुढच्या मजकुराबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस.

आधी तू माझ्या वाढदिवसाला दिलेल्या भेटीबद्दल. डॉक्टरांनी तुला सांगितलं की आईचं डोकं आणि बोटं गुंतवून ठेवा, आणि तू त्याच आठवड्यात कुलपं उघडायच्या छंदाचा संच मागवलास. एक पारदर्शक कुलूप, ते किल्लीविना उघडायची हत्यारं आणि झिपचं काळं पाकीट. विणकामाच्या सुया आणल्या नाहीस, तेवढं श्रेय तुला देते. पण सूनबाईला म्हणालास, "बसेल खेळत." हे माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून म्हणालास, जणू केस पिकले म्हणजे कानही गेले.

आणि ती भेटही तू तुझ्या पद्धतीने निवडलीस, म्हणजे जास्त काय मिळतंय ते बघून. पाकीट टम्म फुगलेलं. त्यातली निम्म्याहून अधिक हत्यारं नुसती शोभेची: कुणी करवतीसारखं, कुणी सापासारखं वळलेलं, कुणाच्या टोकाला गोळा. पत्रा इतका जाड की खऱ्या कुलपाच्या फटीत शिरला तरी हलायला जागा उरत नाही, आणि इतका मऊ की दुसऱ्या दिवशी टोक वाकलं. शिकणाऱ्याला काय लागतं ते ऐक, पुढे कुणाला भेट द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल. एक आखूड हुक, एक थोडा उंच हुक आणि वेगवेगळ्या जाडीच्या एक-दोन ताणपट्ट्या, म्हणजे टोकाशी काटकोनात वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळं बारीक, चिवट पोलादाचं आणि कडा घासून गुळगुळीत केलेलं, म्हणजे आत अडकत नाही. बाकीचं नंतर, हात बसल्यावर. तुझं ते पारदर्शक कुलूपही एक दिवस ठीक आहे, आत काय चालतं ते कळतं. पुढे त्याने नुकसानच होतं. डोळे बघायला लागतात आणि बोटं आळशी होतात. मी त्यावर फडकं टाकून सराव केला.

त्यानंतर तू मला खरं कुलूप दिलंस. जिन्यात माझा पाय घसरला होता. मुका मार लागला, आठवडाभर लंगडले, संपलं. एकदा दूध उतू गेलं, जे तुझ्याही हातून जातं. या दोन गोष्टींची बेरीज करून तू "आई आता विसरते" असं ठरवलंस, जो भेटेल त्याला सांगितलंस आणि दाराचं कुलूप बदलून टाकलंस. नवीन कुलूप आतूनही किल्लीनेच उघडणारं. एक किल्ली तुझ्याकडे, एक सूनबाईकडे. मी माझी मागितली तर म्हणालास, "तुला कशाला? मी आहे ना." तू नसतोस. सकाळी जातोस, दिवेलागणीनंतर येतोस, आणि मधला सगळा वेळ मी माझ्याच घरात कोंडलेली असते. सूनबाई पहिल्या दिवशी चपला घालता घालता म्हणाली, "अहो, हे बरं दिसत नाही." तू म्हणालास, "दिसण्याचा नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे." कॉलेजची प्रयोगशाळा मी नोकरीभर सांभाळली. आत माणूस असताना दाराला कडी लावायची नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या तासाला सांगत असे. तुला सांगायचं राहिलं असावं.

मग मीटरच्या खोलीत वायर जळाली ती दुपार. जिन्यात काळा धूर झाला आणि सगळे खाली धावले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई वर आल्या आणि दार बडवायला लागल्या. "ताई, चला की, काय आवरत बसलात?" मी म्हटलं, "किल्ली नाही." त्यांना आधी चेष्टा वाटली. मग कळलं. मी ओला टॉवेल दाराखालच्या फटीत कोंबला आणि तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास. पुन्हा लावला. तू मीटिंगमध्येच होतास. त्या बाई धूर विरेपर्यंत तोंडाला पदर लावून माझ्या दाराबाहेर जिन्यावर बसून राहिल्या. "तुम्ही तरी जा," म्हटलं, तर म्हणाल्या, "गप्प बसा हो." संध्याकाळी मी तुला हे सांगितलं. तू बूट काढत विचारलंस, "काही झालं नाही ना? मग?" तो 'मग' माझ्या पक्का लक्षात आहे. विसरणाऱ्या बाईच्या मानाने बरंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी मी ते काळं पाकीट पुन्हा उघडलं, या वेळी खेळायला नाही. डॉक्टरीणबाईंनी चांगले हुक आणि पट्ट्या स्वतःच्या पत्त्यावर मागवल्या आणि दाराखालून आत सरकवल्या. मग दुपारी त्या बाहेर स्टूल टाकून बसत, मी आत. त्यांनी आयुष्यभर लोकांचे दात तपासले आहेत, कुलपातलं त्यांना काही कळत नाही. पण हलका हात म्हणजे काय ते कळतं. मी आतून कुरकुरले की बाहेरून आवाज यायचा, "ताई, दाढ उपटताय का? कीड शोधायची आहे, कीड." त्यांचं बरोबर होतं. ताणपट्टी फटीच्या कडेला लावून कुलूप फिरवल्यासारखा किंचित दाब ठेवायचा, दाराच्या बेलला देतो त्याहूनही कमी. आत छोट्या पितळी पिना रांगेत बसलेल्या असतात. हुकाने एकेक चाचपायची. एक जरा घट्ट लागते, तीच आधी उचलायची. योग्य उंचीला गेली की बारीकसा 'टिक' बोटाला कळतो. मग पुढची घट्ट लागते. जोर लावला की सगळ्याच एकदम घट्ट होतात आणि कुठली कुठली ते कळेनासं होतं. नवशिके इथेच चुकतात. मी कितीतरी दिवस चुकले. जुन्या ट्रंकेचं कुलूप जमलं, सायकलचं जमलं, मग मी दाराकडे वळले.

या छंदाचे दोन नियम त्या संचातल्या कागदावर ठळक छापले आहेत. जे आपलं नाही ते कुलूप उघडायचं नाही, आणि जे रोज वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, कारण बिघडलं तर पंचाईत. पहिला मी पाळला. घर माझ्या नावावर आहे, दारही. दुसरा मोडला, आणि पंचाईत झालीच. एका संध्याकाळी कुलूप अर्धं फिरून अडलं, पुढेही जाईना, मागेही येईना, आणि तेवढ्यात बाहेर तुझी किल्ली. ती फिरेना. तू दाराला लाथ मारलीस आणि मी आतून पट्टी दाबून धरली, तसं कुलूप कसंबसं जागेवर बसलं. आत येऊन म्हणालास, "आई, तू काही केलंस का?" आणि माझ्या उत्तराआधीच स्वतःच हसलास. मग कुलपात तेल घातलंस, म्हणालास, "साल्यांनी माल हलका दिलाय." तेलाबद्दल आभार. त्यानंतर पिना लोण्यासारख्या हलायला लागल्या.

दार उघडलं त्या दुपारी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन चहा प्यायले आणि तू यायच्या आत परत येऊन हुकानेच कुलूप लावलं. पुढे असं पुष्कळदा केलं. वाचनालयात गेले, बँकेत गेले, चप्पल शिवून आणली. रात्री तू "दिवसभर काय केलंस?" विचारायचास आणि मी "काय करणार" म्हणायचे. मजा यायची, नाही म्हणत नाही. पण एक दिवस मी माझ्याच जिन्यातून कुणी बघत नाही ना असं बघत चढत होते, आणि माझी मलाच चीड आली. चोरासारखं वागायचं ते कुणी? डॉक्टरीणबाई कधीपासून सांगत होत्या, कुलूपवाल्याला बोलवा. मी थांबले होते ते एवढ्यासाठी की दार आतून, माझ्या हाताने उघडलेलं मला हवं होतं. नाहीतर कुणीतरी आईला भरीला घातलं, असं तू म्हणाला असतास.

आज सकाळी तू गेल्यावर मी दार उघडलं, सताड उघडं ठेवलं आणि कुलूपवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, "किल्ली हरवली का, आजी?" म्हटलं, "हरवली नाही, मुलाकडे आहे." त्याने पत्ता विचारला. आता दाराला नवं कुलूप आहे, आतून नुसती मूठ फिरवली की उघडणारं. म्हणून हे पत्र. वॉचमनला सांगितलं आहे की साहेब वर जायच्या आत त्यांच्या हातात द्या, म्हणजे तू तुझी जुनी किल्ली घालून पुन्हा दाराला लाथा मारणार नाहीस. सूनबाईची नवी किल्ली तिच्या नावाच्या पाकिटात त्याच्याकडेच आहे, ती तिने घ्यावी. तुझी माझ्यापाशी आहे. तू मला कोंडून ठेवलं होतंस, हे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती मिळणार नाही. 'काळजी' हा शब्द न वापरता सांगायचं. तोवर रोज बेल वाजव. मी उघडीन, जेवायला वाढीन, पण मी सावकाश चालते हे तुला ठाऊक आहे. मी दारापर्यंत येईस्तोवर बंद दारासमोर उभा राहा.

तरीही तुझीच,
आई