बंद न केलेला लॅपटॉप

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

लॅपटॉपचं झाकण बसत नाही. खालची बाजू पुरीसारखी फुगली आहे. टेबलावर डुगडुगतो.

सोहमला फोटो पाठवला. लगेच फोन! "आई, बॅटरी फुगलीय. आधी बंद कर. फेकून दे, मी नवा पाठवतो." पुण्यात बसून चिरंजीवांना फेकून द्यायची भारी हौस. बापाचे कपडेही तेराव्याला अशाच उत्साहाने गोळा करत होता.

बंद करणार नाही. फेब्रुवारीत दवाखान्यात जायच्या सकाळी सलीलने सुरू केला, तो तसाच सुरू आहे. सलील परत आला नाही. मी चार्जर काढलेला नाही. एवढंच.

११ सप्टेंबर

समा भागातल्या घरून बडोद्याच्या सयाजीगंज बाजारापर्यंत रिक्षा. लॅपटॉप नेला नाही, फोटोच नेला. दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "बेन, फोटामां रिपेर ना थाय!" पेनने कान कोरत होता. मग म्हणे, बॅटरी आतली असते, उघडता येत नाही, नवाच घ्या. आणि मागच्या फळीकडे बोट! मला काय दूधखुळी समजतो?

"चोवीस कलाक चार्जिंगमां राखो छो? पछी फूले ज ने!"

म्हणजे मीच फुगवली. कान कोरणाऱ्याकडून हे ऐकायचं होतं.

१२ सप्टेंबर

चार्जर काढून पाहिला. चार मिनिटांत टक्के सरसर उतरले. परत लावला.

१४ सप्टेंबर

मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. "कांचन, यंत्राचं कसलं गं सुतक पाळतेस?" असं म्हणून इथला हिरवा चिवडा, लीलो चेवडो, दोनदा वाढून घेतला. जाताना वायफायचा पासवर्ड मागितला. दुखवट्याला येतात की फराळाला, कळत नाही.

१५ सप्टेंबर

जयवंतरावांना बोलावलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात सलीलबरोबर मेंटेनन्सला होते. माणूस बोलतो कमी, सुपारी जास्त.

"वहिनी, आतली म्हणजे काय, स्क्रूनेच बसवलेली असते. सलीलने मागे बदललीच होती की! मी मागवतो. पण तोवर चालू ठेवू नका. पेट घेईल."

"ठेवीन."

जाताना लॅपटॉप खिडकीच्या पडद्यापासून लांब, फरशीवर ठेवून गेले.

या दोघांच्या कारखान्यातला एक नियम होता. कुठलाही भाग बदलला की त्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची. बसवल्याची तारीख, आणि पुढच्या वेळी कोण बदलणार त्याचं नाव. सलीलने तो नियम घरी आणला! गीझर, पाण्याची टाकी, भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा. सगळीकडे 'पुढच्या वेळी: सलील'. अरे, घरात दुसरं होतं कोण पक्कड धरणारं? मी बल्बसुद्धा लावत नव्हते. मग नाव कशाला लिहायचं? मिरवायला! पाहुणे हसायचे. मी पण.

१७ सप्टेंबर

घड्याळ बंद पडलं. सेलवरच्या पट्टीची तारीख कधीच जुनी झाली आहे. नाव टाकून गेलेला माणूस कुठे आहे?

२० सप्टेंबर, शनिवार

बॅटरी आली. जयवंतराव म्हणाले, "बंद तुम्हीच करा."

केला. पडदा काळा. सात महिने ज्याला घाबरले ते एवढंच! दोन सेकंदांचं काम.

त्यांनी दहा स्क्रू काढून वाटीत ठेवले. फुगलेली बॅटरी अलगद उचलली, उलटी केली. सुपारी चघळायचे थांबले. मग बॅटरी माझ्यासमोर धरली. मी नीट पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेले.

२१ सप्टेंबर

बॅटरी जयवंतराव घेऊन गेले. तिच्यावरची चिकटपट्टी मी आधीच सोडवून घेतली. सलीलचंच अक्षर.

'बसवली: ३ जुलै २०२३. पुढच्या वेळी: कांचन.'

आजाराचं मला त्याने त्या वर्षीच्या दिवाळीत सांगितलं, या पट्टीनंतर चार महिन्यांनी. "कालच रिपोर्ट आला," म्हणाला होता.