कमळाबाईंचा पेला

रविवार, ११ जानेवारी १९८७

पेला मीच करणार! पंचांच्या बैठकीत दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं.

कमळाबाई दवाखान्यातून परत आल्यात. क्षय होता. डॉक्टर म्हणतात आता त्यांच्यापासून कुणाला धोका नाही, फक्त गोळ्या चालू ठेवायच्या. पण आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस प्यायला एकच चांदीचा पेला. सगळी मंडळी त्यालाच ओठ लावते. आमचे चिटणीस अमोलिक सर म्हणाले, "बाईंना छोटा वेगळा पेला दिला तर? त्यांच्याच सोयीसाठी हो." पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना योग्य वाटत असेल तर बघा."

मी म्हटलं, बाजारातला कप नको. पितळेचा करतो. राणीनं प्यावं असा! सगळे खूश. मीही.

घरी कांताला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटीलाच?"

हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

मंगळवार, २० जानेवारी

कारखान्यातली पाळी सुटल्यावर लेथवर उभा राहिलो. मालक मला नाही म्हणत नाही. लेथ मला कुणी शिकवला नाही, उभा राहून बघत बघत शिकलो. इंग्रजी ड्रॉइंगसुद्धा शेजारी डिक्शनरी ठेवून. त्यामुळे माझ्या हातून निघालेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही.

पेल्याची कड आतल्या बाजूनं किंचित गोल केली — ओठाला बोचता कामा नये. बूड जड ठेवलं, थरथरत्या हातातही कलंडणार नाही. आतून कल्हई हवीच. आमचा द्राक्षरस मनुका भिजवून केलेला, आणि पितळेला आंबट चालत नाही. हे पंचांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बुडाला माझा 'ज' ठोकला.

खोकला लागलाय. पितळेचा कीस घशात गेला असणार.

रविवार, १ फेब्रुवारी

प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड कमळाबाईच धुतात, इस्त्री करतात, अंथरतात. मी या मंडळीत आलो तेव्हापासून बघतोय. दवाखान्यात होत्या तेव्हा कापड दिसायचं मळकटच. आज पुन्हा कडक, घडीची रेघ बरोबर मधोमध. (अशी माणसं मला आवडतात.)

कापड सारखं करताना त्यांना चांदीच्या पेल्याशेजारी माझा पेला दिसला. "हा कशाला?" अमोलिक सर म्हणाले, "कळेल, कळेल."

मग सगळे ओळीनं गुडघे टेकून बसले. चांदीचा पेला कमळाबाईंच्या डावीकडच्या बाईला दिला. त्यांना ओलांडून उजवीकडच्या बाईला. मग पाळकसाहेब मागे वळले आणि छोटा पेला घेऊन आले. कमळाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. प्यायल्या. परत मात्र दिला नाही. पदराखाली धरून जागेवर जाऊन बसल्या.

आवडला असणार!

रविवार, १ मार्च

कमळाबाई आल्या नाहीत. कापडही नाही. पाळकीणबाईंनी ऐन वेळी घरची चादर आणून घातली, निळ्या फुलांची. प्रभुभोजनाच्या मेजावर निळी फुलं! पाळकसाहेबांनी कमळाबाईंच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली.

शुक्रवार, ६ मार्च

मंडळीतर्फे त्यांना सफरचंदं पाठवली होती. निरोप आला — "मी ठणठणीत आहे. सफरचंदं चाळीतल्या पोरांनी खाल्ली. पोरं आभारी आहेत."

अमोलिक सर दुखावले. मला हसू आलं. मग हसू गेलं.

रविवार, ८ मार्च

कोपरच्या चाळीत कमळाबाईंकडे गेलो. पाळकसाहेब, अमोलिक सर आणि मी. एकच खोली, पण आरशासारखी. त्यांनी चहा टाकला. अमोलिक सर म्हणाले, "मला नको. चहा सोडलाय."

"कधी? जानेवारीत तर आवडाबाईंच्या घरी किटली तुम्हीच संपवलीत."

सर लाल झाले. पाळकसाहेबांनी आपला आणि सरांचा, दोन्ही कप संपवले.

फळीवर माझा पेला होता. लखलखीत घासलेला. आत लाल-पांढऱ्या गोळ्या.

"तुम्ही तो घरी आणलात," मी म्हणालो.

"माझ्यासाठीच केला होता ना? मग तिथं कशाला ठेवू? दुसरं कुणी थोडंच पिणार होतं त्यातून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काम सुबक आहे हो, जगनभाऊ. कड तर फार छान वळवलीत."

आयुष्यात माझ्या कामाचं कौतुक झालं आणि मला खाली बघावं लागलं, असं पहिल्यांदा घडलं.

मग परत निघालो. स्टेशनवर अमोलिक सर म्हणाले, "पण आपला हेतू तर चांगला होता ना?" पाळकसाहेब म्हणाले, "हेतू आपल्याला माहीत, सर. बाईंना फक्त पेला दिसला."

रविवार, १५ मार्च

उपासनेनंतर सगळी मंडळी थांबवली. पाळकसाहेब म्हणाले, चूक झालीय, बोलून घेऊ. तर लगेच फाटे! एक म्हणे, चूक कसली, आरोग्याचा प्रश्न आहे. दुसरा म्हणे, बाईंचा स्वभावच तिखट. मीही उभा राहिलो आणि कल्हईबद्दल बोलू लागलो. का, ते देव जाणे.

तेव्हा आवडाबाई मागून बोलल्या. मंडळीत सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच. नगरकडच्या, बोलणं अजून तिकडचंच.

"आमच्या गावात चहाच्या हाटेलाबाहेर खुंटीला एक कप टांगलेला असायचा. कान तुटलेला. तो आमचा. प्यायचा बी बाहेर, अन् धुऊन परत टांगायचा बी आपणच. माझा सासरा म्हणाला, जिथं सगळ्यांचा पेला एक असंल तिथं मी जाणार. म्हणून तर आपण हितं बसलोय ना रे? तुमच्या सगळ्यांच्या आज्यापणज्याचं हेच. अन् तुम्ही काय केलं? तोच कप पुन्हा आणला. चकाकता केला एवढंच."

आवडाबाई काठी टेकत पुढे आल्या.

मग म्हणाल्या, "जगन, लई सुरेख झालाय म्हणे रे."

माझ्या आजोबांनी त्यांच्या गावातल्या तसल्याच कपाबद्दल मला मांडीवर बसवून सांगितलं होतं. तीन वेळा. आणि मला लेथवर असताना एकदाही आठवलं नाही. कडेची गोलाई आठवली.

सोमवार, १६ मार्च

आज लेथवर एक साधा बुश (धातूची छोटी नळी) वाया घालवला. माझ्या हातून!

रविवार, २२ मार्च

पंच पुन्हा भांडले. निम्मे म्हणतात, चांदीचा पेला सगळ्यांना, बाईंनाही, विषय संपला. निम्मे म्हणतात, नको बुवा. तास गेला. घरी येऊन कांताला सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "परत त्यांना न विचारताच ठरवताय?"

हे मला का सुचत नाही?

संध्याकाळी आम्ही दोघं कोपरला गेलो. कांतानंच विचारलं. कमळाबाई हसल्या. "अगं, चांदीचा पेला मला द्याच, असं मी कुठं म्हणते? दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची पोर माझ्या डोळ्यांदेखत गेली. खोकला काय करतो ते मला माहीत आहे. वेगळे पेले द्या. चांगलंच आहे. पण सगळ्यांना द्या."

एवढंच. आम्ही अडीच महिने बैठका घेत होतो.

निघताना गोळ्या वाटीत ओतल्या आणि पेला माझ्या हातात दिला. "हाही त्यांतच घाला."

शनिवार, ११ एप्रिल

पेले झाले. सगळे. पितळ अमोलिक सरांनी स्वतः भांडी बाजारातून घासाघीस करून आणलं आणि कल्हईवाल्याकडे उन्हात बसून राहिले. परवा मला म्हणाले, "जगनराव, मी तिथे चहा प्यायला हवा होता." मी म्हटलं, अजून पिता येईल.

कमळाबाईंचा पेला पुन्हा लेथवर चढवला. बुडावरचा 'ज' काढून टाकला, कड बाकीच्यांसारखी केली. दुसऱ्या कशावरही अक्षर ठोकलं नाही. मग सगळे एका पिशवीत घालून हलवले. आता त्यांचा कुठला, हे मलाही सांगता येणार नाही. मापं घेतली तरी!

गुरुवार, १६ एप्रिल

गुड फ्रायडेची आदली संध्याकाळ. मेजावर पांढरं कापड. घडीची रेघ मधोमध.

पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, "आपण एका बहिणीची सोय केली आणि तिला विचारलं नाही. बोलायचं ते मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं." बाकी प्रवचन फार लांबलं नाही. पेल्यांचं तबक अमोलिक सरांनी धरलं होतं. कमळाबाईंनी हाताला आला तो पेला उचलला. बघितलासुद्धा नाही. सगळ्यांनी तसंच केलं. एवढं साधं होतं!

नंतर त्या पेले उकळत्या पाण्यातून काढत होत्या. मी पुसायला होतो. खोकल्याची उबळ आली.

"कधीपासूनचा हा?"

"पितळेचा कीस जातो घशात."

"माझ्या वेळी मी दळणाचं पीठ जातं म्हणायचे," त्या म्हणाल्या. "सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. कांताला सांगितलंय मी."

रविवार, ३ मे

थुंकीत क्षयच निघाला. सुया सुरू झाल्या. आज चर्चला गेलो नाही.

दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरीच आले. मागून कमळाबाई, तबक घेऊन. मी म्हटलं, "बाई, माझा एक पेला वेगळा काढून ठेवा. पुढे गोंधळ नको."

त्यांनी तबकाकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे.

"कुठला काढू, जगनभाऊ? तुम्ही तर सगळे सारखेच केलेत."