टाकीतला काळा मासा

रविवार, २ फेब्रुवारी

इतके दिवस वहीला हात लावला नाही. माफी मागायची तर कुणाची? स्वतःचीच.

आज अण्णांच्या एंजलची शेपटी कुरतडलेली दिसली. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, जीव लावून वाढवलेला मासा. आता फिल्टरमागे दडून बसलाय.

दोष माझा. हेंद्रेपाड्याच्या या नव्या घरी जो येतो तो माशांच्या टाकीचं कौतुक करतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक काळा मासा सोड गं, दृष्ट लागायची नाही." मी एरवी असलं मानत नाही. तरी काल उल्हासनगरला गेले आणि नुसता रंग बघून मासा घेतला. दुकानदारानं विचारलं होतं, "भाभी, टँक में और कौन है?" मी म्हटलं, "ऐसे ही, छोटे-मोटे." घाई होती म्हणून? की तो नको म्हणेल म्हणून?

माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, काळ्याला बादलीत काढलं. वर टोमणा, "माणसांच्या पत्रिका जुळवतात, माशांची नाही बघितलीस?"

अण्णा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "असू दे पोरी, नवा आहे, रुळेल." आणि खुर्ची टाकीपासून लांब सरकवून बसले. ती शेपटी त्यांना बघवत नव्हती. या घरात तेवढी टाकीच त्यांची होती, आणि तिच्यात मासा सोडताना मी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

उद्या: काळ्याचं काय करायचं, ते अण्णांना विचारणे.