नाक उघडलं

३ जानेवारी, शुक्रवार
आज बिडी नाही. बंडल भैरवनाथाच्या तसबिरीपुढे ठेवला. तूच सांभाळ आता. काडेपेटी मात्र दिव्याला घेतली.
कंपनीच्या तपासणीत नळीत फुंकायला दम पुरला नाही. डॉक्टर म्हणाले, "वय एकोणपन्नास, छाती सत्तरीची!" घरी सरूला सांगितलं तर म्हणाली, "वीस वर्सं मी दुसरं काय बोलत व्हते?"

५ जानेवारी
डोकं ठणकतंय. हातांना काम सुचत नाही. चहाच्या सुट्टीत बाकीच्यांबरोबर बिडी ओढायला गेटबाहेर गेलो नाही. माझ्याच लाइनवर काम करणारा रणजीत गेटातूनच ओरडला – "भावा, बिडी सोडली का आम्हाला सोडलं?" हसलो. मग उगाच डोळे भरले.

९ जानेवारी, गुरुवार – सुट्टी
खोकला वाढलाय! सोडल्यावर कमी व्हायला नको? तपकिरी कफ पडतोय. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "काका, छाती स्वतःला झाडून घेतेय. पडू द्या." तीस वर्षांचा केर. वेळ लागणारच.
सकाळी सरू मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजत होती. त्या धुरानं जीव कासावीस झाला. "बाहेर भाज की!" म्हटलं. "तुमी बिडी सोडली, म्हणून मी दात घासायचं सोडू व्हय?"
तेही खरं. मशेरी दातांची. आमची आईही लावायची.

१७ जानेवारी
नुसता थकवा. जप करतानाही डुलकी.

२६ जानेवारी
दोन जिने न थांबता चढलो. तिसऱ्याला कठडा धरला.
संध्याकाळी उदबत्ती लावली – मोगरा! वर्षानुवर्षं हीच लावतोय, वास आज आला. देवा, किती दिवस नुसता धूर ओवाळत होतो तुला.
जेवताना सरू भाकरी वाढायला वाकली. तिच्या तोंडाला वास येतो. कुजका. मशेरीचा नाही, तो मी ओळखतो. विचारायचं कसं?

३० जानेवारी, गुरुवार
विचारलं. आधी चिडली. मग म्हणाली, "दिवाळीपासनं गालात आतून जखम हाय. तिखट झोंबतं. मशेरी दाबून धरली की जरा बधिर व्हतं."
"बोलली का नाहीस?"
"तुमच्याच छातीचं चाललं व्हतं."
मोबाइलच्या उजेडात पाहिलं. पांढरा चट्टा, कडेला लाल, मधे खड्डा. तीन महिने हिच्याच शेजारी झोपतोय मी! आणि नाक असून नसल्यासारखं.

३ फेब्रुवारी, सोमवार
मोठ्या दवाखान्यात गेलो. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी सरूला विचारलं, "तंबाखू खाता?"
"न्हाई वो बाई. बिडी यांची व्हती."
खोटं बोलत नव्हती ती. मशेरीला आमच्या घरात कुणी तंबाखू मानलंच नव्हतं, मीसुद्धा.
मी म्हटलं, "मशेरी लावते. लग्नाआधीपासून."
बाईंचा पेन थांबला. सरू माझ्याकडे बघतच राहिली.