खुणेत न बसलेलं घरचं माणूस

जिनिव्हा, मंगळवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना खूप प्रेम. मी मजेत आहे. एकट्यापुरतं सूप करायला शिकलोय, फक्त ते आठवडाभर पुरतं.

काम तेच. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचे चिमुकले भाग असतात, तेही प्रथिनंच; त्यांची घराणी मी लावतो. यीस्टपासून आपल्या गाईंपर्यंत त्यांच्या साखळीतले काही दुवे बदलतच नाहीत. त्यावरून घराण्याची खूण ठरवायची. खुणेत सगळे नातेवाईक यावेत, परका एकही नको. काल एका जिवाणूचं प्रथिन घराण्यातलंच असून खुणेबाहेर राहिलं. खूण सैल केली, तर परके घुसले.

शेजारच्या टेबलावरची ओदील म्हणाली, "अरे फ्लुरिन, 'घरचंच, पण खुणेत न बसणारं' असं लिही आणि जेवायला चल. सुतक असल्यासारखा काय बसलायस!"

तसं लिहिलं. आमच्याकडे अशांसाठी रीतसर जागा असते.

ईस्टरला सगळी भावंडं जोडीने येणार, असं सेराइनाताईने कळवलं. घटस्फोटानंतर मी पहिल्यांदाच येईन, एकटा. टेबलाशी माझी खुर्ची असेल ना? बाबा काय म्हणतात, ते मात्र खरं लिही.

तुझा,
फ्लुरिन