थांबवायच्या बटणाची तार

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, या वर्षात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण पाच वाजता दादा येणार आहे, आता साडेतीन झालेत आणि तुमची मोटर अंगणात पाण्याच्या पिंपावर अडकवलेली आहे. तो यायच्या आत मला तुमच्याशी भांडून घ्यायचं आहे.

हो, माळ्यावरचीच मोटर. होडीच्या मागे लावायची, तुमच्या पाणीपुरवठा खात्याच्या लिलावातून तुम्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली. हिमायतनगरच्या दोन खोल्यांत होडीची मोटर आणणारा माणूस माझ्याच नशिबी होता, असं आई अजून म्हणते. दादाच्या ओळखीच्या एकाने गंडीपेठच्या तलावाकडे बंगला बांधलाय. बाजार खुला झाल्यापासून अशा लोकांकडे पैसा आलाय, त्याला जुनी मोटर हवी आहे, पण चालू. दादा मला म्हणाला, "वायरिंग नवं करून दे. डिप्लोमा काय कामाचा मग?"

तुम्ही सतरा वर्षं ती कुणाला उघडू दिली नव्हती. "हात लावू नको. बंद म्हंजे बंद." आम्हाला वाटायचं, तलावावर जे झालं त्याची तुम्हाला लाज वाटते. दादाला तर खात्रीच होती.

परवा झाकण काढलं. तारांवरचं रबर बिस्किटासारखं मोडत होतं. नव्या तारा आणायला कोठीच्या बाजारात तुमच्या त्या युसुफभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा वर केला. "नाना साब की मोटर? हौ, बेटा, अब तो हर रंग की तार है. उनके टाइम पे काली मिली तो काली, लाल मिली तो लाल." पुढे म्हणाले, "इसी के वास्ते धागा बांधते थे ना वो?"

त्यासाठी नाही, हे त्यांना कुठे माहीत? तुमचा नियम घरातच होता, पंपहाउसमधून आणलेला. एका मशीनवर चार जणांचे हात पडतात, मग जोड सैल निघाला तर कुणाचा ते कळायला नको? म्हणून ज्याने जोड केला त्याने त्यावर पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची. तुमची एक. माझ्या दोन. दादाला या कामात रस नव्हता, त्याला फक्त पोहायला पाणी हवं असायचं.

जुनी तार काढायची तर आधी ती कुठून कुठे जाते हे वहीत काढून घ्यायचं, हेही तुमचंच. तशी एकेक तार काढत गेले. एक गाठ, एक गाठ, एक गाठ. शेवटी थांबवायच्या बटणाची तार आली. तिच्यावर दोन गाठी.

नाना, मला आठवलं. मी चौदा वर्षांची होते. आदल्या दिवशी तुम्हाला खूश करायला मी मोटरला आतूनबाहेरून हिरवा रंग फासला होता. तुम्ही नुसतं हसलात आणि ऑफिसला जाताना म्हणालात, "बटणाची तार तेवढी तू बसव." पहिल्यांदाच मला एकटीला काम दिलंत! मी बसवली. तारेचं टोक रंगावरच ठेवलं आणि स्क्रू आवळला. त्याखालचा रंग खरवडला नाही.

घरात तार निखळली की दिवा विझतो. मला तेवढंच ठाऊक होतं. या मोटरचं उलटं आहे. बटण दाबलं की ठिणगीची वीज त्या तारेतून मोटरच्या उघड्या लोखंडात उतरते, तेव्हा ती थांबते. मध्ये रंग आला, तर वीज उतरत नाही, बटण कितीही दाबा.

संध्याकाळी तुम्ही झाकण उचललंत, माझ्या दोन गाठी पाहिल्यात, मान डोलावलीत आणि झाकण लावलंत. गाठ पाहिलीत, नाना. बटण दाबून पाहिलं नाहीत. यावरून मी आज तुम्हाला सोडणार नाही.

पुढचं तलावाच्या काठावरून पाहिलंय मी. भाड्याची होडी उथळ पाण्यात होती, तुम्ही मोटर सुरू केलीत आणि होडीच्या कडेला धरून पोहणारा दादा मागे, मोटरच्या पाण्यातल्या पंख्याकडे सरकला. तुम्ही बटण दाबलंत. पुन्हा दाबलंत. मग दोन्ही अंगठ्यांनी. शेवटी पेट्रोलची नळीच उपटलीत, पण नळीतलं पेट्रोल संपेपर्यंत पंखा फिरत राहिला. पाणी लाल झालं होतं.

दादाच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईला सांगितलंत, "चूक माझी." त्यानंतर दादाने तुम्हाला 'नाना' म्हटलं नाही. 'ते' म्हणायचा. ते जेवले का? त्यांना सांग. तुमच्या शेवटच्या आठवड्यातही दारात उभा राहून मला विचारलं, "त्यांना कसं आहे?" तुम्ही जागे होतात. मला माहीत आहे, तुम्ही ऐकलंत.

काल दिव्याखाली ती तार पुन्हा पाहिली. माझ्या दोन गाठींवर अजून एक गाठ आहे. घट्ट, टोकं नखाएवढी कापलेली, तुमची. माझा दोरा तलावाचं पाणी आणि तेल पिऊन काळा पडलाय. तुमच्या दोऱ्यावर नुसती धूळ, फुंकर मारली तर आत पांढरा. त्याने पाणी पाहिलंच नाही. म्हणजे तुम्ही ती गाठ नंतर मारलीत. दवाखान्यातून येऊन झाकण उघडलंत, स्क्रूखालचा हिरवा रंग पाहिलात, माझ्या कामावर आपली गाठ मारलीत आणि मोटर माळ्यावर टाकलीत.

मला का विचारलं नाहीत? दोन थोबाडीत दिल्या असत्यात, मी रडले असते, दादा माझ्याशी वर्षभर बोलला नसता. मग बोललाही असता, बहीणभावांचं भांडण ते किती दिवस टिकणार. तो राग माझ्या वाट्याचा होता, तो तुम्ही गिळलात. मला वाचवायला गेलात आणि दादाला बाप उरला नाही. मी मात्र डिप्लोमा करून मुलींना वायरिंग शिकवते, रोज सांगते, आधी रंग खरवडा. कुणाच्या पायावरून शिकले, ते आज कळतंय.

मला राग आलाय, नाना. आणि काल त्या दोऱ्याला हात लावताना तुमची इतकी आठवण आली की पाना खाली ठेवावा लागला.

दुपारी सगळं नवं बसवलं. पॉलिशपेपरने रंग घासून लोखंड चकचकीत केलं, त्यावर तारेचं टोक आवळलं. मोटर सुरू करायची दोरी ओढली. चौथ्या ओढीला मोटर लागली, पिंपातलं पाणी अंगणभर उडालं. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबवेना. आई दारातून ओरडली, "बंद कर गं ते!" तेव्हा दाबलं. लगेच थांबली. पहिल्याच दाबाला.

जुनी तार फेकलेली नाही. मघाशी सुईने तुमची गाठ सोडवली, अर्धा तास लागला. आता तिच्यावर माझ्याच दोन आहेत.

ही तार मी दादाच्या हातात देणार आहे. मोटर सुरू करायच्या आधी, पहिला चहा व्हायच्या आधी. सगळं सांगेन, तुम्ही बटण दाबून पाहिलं नाहीत तेही. तो उठून गेला तर जाऊ दे, मी त्याच्या मागे जाईन. आणि थांबला, तर बटण त्यालाच दाबायला देईन. त्याने तुम्हाला एकदा 'नाना' म्हटलेलं ऐकल्याशिवाय ही मोटर मी या घरातून बाहेर जाऊ देणार नाही. वचन देते.

फाटक वाजलं. लवकर आलाय.

तुमची,
सुमी